नवाचा ताळा

नऊ या आकड्याशी माझी ओळख दोनदा झाली. पहिल्यांदा वाईला, शाळेत. गुणाकार सुटला की पाटी लगेच पुढे करायची नाही, आधी ताळा करायचा, हा गुरुजींचा दंडक. समजा ३४७ गुणिले २६, उत्तर ९०२२. मग पाटीच्या कोपऱ्यात एक फुली काढायची. ३४७ मधल्या आकड्यांची बेरीज १४, तिची पुन्हा बेरीज ५. ते वरच्या घरात. २६ चे ८. ते खालच्या घरात. पाच आठे चाळीस, चाळिसाचे ४, ते डावीकडे. आणि उत्तरातल्या ९, ०, २, २ ची बेरीज १३, तिचे ४, ते उजवीकडे. डावं-उजवं जुळलं की गणित बरोबर. त्या फुलीत आकडे बसवताना जो हुरूप यायचा तो मूळ गुणाकारात कधी आला नाही. गुणाकार गुरुजींनी घातलेला असे. ताळा मात्र आपला आपण करायचा, आणि कोणाला न विचारता आपलं आपल्याला कळायचं.

दुसऱ्यांदा नऊ भेटला तो बँकेत. १९८० च्या सुमारास परीक्षा देऊन मी क्लार्क म्हणून लागले आणि सेव्हिंग्जच्या लेजरवर बसले. लेजर म्हणजे मांडीवर न मावणारं, कापडी पाठीचं, पानं सुटी करता येणारं एक धूड. एकेका खात्याला एकेक पान. दिवसभर व्हाउचरं येत, ती पानापानावर चढवायची, शिल्लक काढायची, ऑफिसरने तपासून टिक करायची. महिनाअखेरीला सगळ्या पानांवरच्या शिलका एका लांब कागदावर उतरवायच्या, त्याला जॉटिंग म्हणत, आणि त्यांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळवायची. ती पहिल्या फटक्यात जुळली असं क्वचितच झालं. फरक यायचा. मग सुरू व्हायचा शोध.

आमचे हेड क्लार्क फरकाचा आकडा ऐकून क्षणभर डोळे मिटत. ‘पाचशेचाळीस? नवाने जातोय. कुठेतरी आकडे उलटे लिहिलेत.’ आणि तसंच निघे. कोणी १,२८७ चे १,८२७ केलेले असत. फरक बरोबर ५४०. शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी पडले की फरकाला नवाने भाग जाणारच, त्याला इलाज नाही. फरक नवाने जात नसेल तर ते त्याचं निम्मं करत. ‘सहाशेशहाऐंशी? तीनशेत्रेचाळीसचं व्हाउचर शोधा. जमेचं नावे पडलंय.’ अर्ध्या रकमेचं व्हाउचर उलट्या बाजूला चढलं की फरक दुप्पट होतो. दोन्ही बाजूंनी काही हाती लागलं नाही तरच ते म्हणत, ‘चला, आता पान पान बघू.’ मग चहा मागवायचा.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शाळेतला नवाचा ताळा नेमकी हीच चूक पकडू शकत नाही. ९०२२ च्या जागी ९२०२ लिहा, बेरीज तेराच येणार, फुली जुळणार आणि चुकलेलं गणित बरोबर ठरणार. बँकेत मात्र तोच नऊ त्याच चुकीचा माग काढून देतो. चूक एकच, आकडाही एकच. शाळेत त्याला विचारत होतो, ‘उत्तर बरोबर आहे का?’ बँकेत विचारत होतो, ‘चूक कोणत्या जातीची आहे?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. ते हेड क्लार्कच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून कळलं.

त्या काळी बँकांचं वर्ष डिसेंबरला संपे, त्यामुळे सहामाही यायची ती तीस जूनला, ऐन पावसात. सेव्हिंग्जवरचं व्याज हातानेच काढायचं. नियम असा, की दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात कमीत कमी जी शिल्लक असेल तिच्यावर व्याज. सहा महिन्यांच्या त्या सहा शिलका एकाखाली एक लिहायच्या, बेरीज करायची, तिला आम्ही प्रॉडक्ट म्हणत असू, आणि त्या प्रॉडक्टला २४० ने भागायचं. दर पाच टक्के होता. शेकड्याला वर्षाचे पाच, म्हणजे बाराशेला महिन्याचे पाच, म्हणजे दोनशेचाळिसाला एक. एक कोष्टकांचं पुस्तक हाताशी असे, पण थोड्याच दिवसांत बोटांनाच २४० चा अंदाज आला. २,४०० ला दहा रुपये, १,२०० ला पाच. पान उलटतानाच व्याजाचा आकडा साधारण कुठे पडणार ते दिसू लागे.

सहामाहीच्या रात्रींबद्दल लोक हल्ली फार गोडीने लिहितात. मी नाही लिहिणार. सहामाहीच्या दिवसांत रात्री नऊ-नऊ वाजत, शेवटची एसटी चुके, घरी तान्हं मूल सासूबाईंकडे रडत असे. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी हुशारीची ऐन वर्षं या बेरजांत घातली. ते काम यंत्राने घेतलं याचं मला कधी दुःख झालं नाही. काम गेल्याबरोबर आणखी काय गेलं, हा मात्र निराळा हिशोब आहे आणि तो अजून कोणी नीट मांडलेला नाही.

यंत्र यायच्या आधी भांडण खूप झालं होतं. साठीच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर बसू नये म्हणून कार्यालयावर रात्रंदिवस पहारा ठेवला होता. आमच्याकडे ते लोण आलं तोवर ऐंशीचं दशक उजाडलं. १९८३ साली युनियन आणि बँका यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांची समिती बसली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून लेजर पोस्टिंग मशीनची भाषा सुरू झाली. आमच्या गेटसभेत एकच प्रश्न असायचा: माणसं किती कमी होणार? तो प्रश्न खोटा नव्हता. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले, त्यात माझ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंचे होते. पण ‘उरलेल्यांना काय येणं बंद होणार?’ असं त्या सभांत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या शाखेत मशीन आलं ते नव्वदच्या आसपास. काचेची केबिन, एसी, बाहेर चपला. सुरुवातीला पॅरलल रन, म्हणजे तेच काम हातानेही करायचं आणि मशीनवरही, आणि दोन्ही जुळतंय का बघायचं. आम्ही वैतागलो होतो, पण आज वाटतं की माझ्या नोकरीतला सर्वांत शिकवणारा काळ तो होता. दोन प्रकारच्या चुका तेव्हा शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळाल्या. आमच्या चुका विखुरलेल्या असत: इथे एक आकडा उलटा, तिथे एक हातचा विसरलेला, जेवणानंतर जरा जास्त, शनिवारी आणखी जास्त. मशीन तसं चुकत नव्हतं. त्याची बेरीज कधीच चुकली नाही. फरक शून्य, रोज शून्य. हळूहळू पॅरलल बंद झाला आणि पहिल्या सहामाहीचं व्याज एकट्या मशीनने काढलं. दुपारी बटण दाबलं, चार वाजता सगळी खाती तयार. आम्ही पेढे वाटले.

आठवडाभराने प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी काउंटरवर आले. धोतर, काळी टोपी, हातात पासबुक आणि पासबुकात घडी घातलेला वहीचा कागद. ‘बाई, मशीनने मला सहा रुपये कमी दिलेत.’ मी हसून म्हटलं, ‘गुरुजी, मशीन कसं चुकेल? सगळ्यांचं जुळलंय.’ ते म्हणाले, ‘सगळ्यांचं मला माहीत नाही. माझं बघा.’ कागदावर सहा महिन्यांच्या सहा शिलका सुबक अक्षरात मांडलेल्या, खाली बेरीज, शेजारी २४० ने केलेला भागाकार आणि त्याच्याही शेजारी, कोपऱ्यात, चार घरांची फुली.

त्यांचं पेन्शन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होई. त्याआधीचे चार-पाच दिवस शिल्लक तळाला गेलेली असे. नियमाप्रमाणे ते दिवस मोजायचेच नव्हते. मोजायचं दहा तारखेपासून. मशीन मात्र एक तारखेपासून मोजत होतं. दरमहा साधारण दोनशेचाळीस रुपयांचा फरक, म्हणजे व्याजात महिन्याला एक रुपया, म्हणजे सहामाहीला सहा. आणि हे एकट्या गुरुजींचं नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला ज्यांचा पगार किंवा पेन्शन येई त्या सगळ्यांचं व्याज कमी पडलं होतं, कोणाचं चार रुपये, कोणाचं अकरा. तरी ताळेबंद चोख जुळलेला होता. जुळणारच. मशीनने प्रत्येक पानावर तीच चूक तितक्याच इमानाने केली होती, तिची बेरीज बिनचूक मारली होती आणि तीच बेरीज दोन्ही बाजूंना मांडली होती. असा फरक नवाने जात नाही आणि निम्माही होत नाही. फरक असा काही उरतच नाही.

या सहा रुपयांवर मी पुढे कित्येक वर्षं विचार करत आले. हाताने काम करणाऱ्याची चूक त्याच्या कामात कुठेतरी भगदाड पाडते. तिथून वारा येतो आणि आपण उठून बघतो. यंत्राची चूक सगळीकडे सारखी पसरते आणि आतून काहीच खटकत नाही. खटकायचं असेल तर बाहेरून कोणाला तरी खटकावं लागतं. त्यासाठी त्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: उत्तर साधारण किती यायला हवं, आणि नियम काय आहे. गुरुजींना दोन्ही ठाऊक होत्या. आम्हाला नियम ठाऊक होता, पण अंदाज लावणं आम्ही थांबवलं होतं. पान उलटताना आकडा दिसायचा तो पान उलटणंच थांबल्यावर दिसेनासा झाला. एका सहामाहीत. मला वाटलं होतं, निदान काही वर्षं लागतील.

एकदा डोळा या गोष्टीकडे वळला की ती जगात ठिकठिकाणी दिसू लागते. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध आला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते, असं त्यातून निघत होतं. युरोप-अमेरिकेत खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी तो निबंध डोक्यावर घेतला. २०१३ मध्ये अ‍ॅमहर्स्ट इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून तोच हिशोब पुन्हा करायला बसला. एखादा प्रसिद्ध निबंध घ्यायचा आणि त्याचे आकडे स्वतः काढून बघायचे, असा तो स्वाध्याय. त्याचे आकडे काही जुळेनात. शेवटी मूळ लेखकांनी त्याला आपली एक्सेलची फाइल पाठवली, तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश घ्यायचेच राहिले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी वर्णक्रमातले पहिले पाच. ओळी निवडताना हात शेवटपर्यंत गेला नाही, इतकंच. नुसत्या या चुकीने सगळा निबंध कोसळला असं नाही, आकडेवारीच्या निवडीबद्दलचे आक्षेप त्याहून मोठे होते. पण उणे ०.१ टक्का दाखवलेली सरासरी वाढ हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हिशोबात २.२ टक्के निघाली. मला या सगळ्यात त्या स्वाध्यायाचं कौतुक वाटतं. कोणीतरी शिक्षकाने अभ्यासक्रमात लिहून ठेवलं होतं: दुसऱ्याचं गणित पुन्हा करून बघा. हा ताळाच की.

आणि जिथे ताळा करूच दिला नाही तिथे काय झालं तेही आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची हिशोबाची प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. गावोगावच्या छोट्या पोस्टांत तिने तूट दाखवायला सुरुवात केली, कुठे हजार पौंड, कुठे पंचवीस हजार. पोस्टमास्तर सांगत, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. त्यांना उत्तर मिळे, कॉम्प्युटर दाखवतोय. अनेकांना तर सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, कोणी घरं विकून तूट भरली, कोणी तुरुंगात गेले, त्यांतली एक बाई तर गरोदर होती. काहींनी जीव दिला. त्यांच्यात भारतीय वंशाचे कितीतरी होते. अ‍ॅलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तराने वर्षानुवर्षं लढा दिला, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मी हे वाचत होते तेव्हा राहून राहून आमचे ते गुरुजी डोळ्यांपुढे येत होते. त्यांच्या हातात निदान वहीचा कागद होता आणि समोर त्यांचं ऐकून घेणारी बाई होती. ‘मशीन कसं चुकेल’ हे वाक्य मीही म्हटलंच होतं. ते पुरावा म्हणून कोणत्या न्यायालयात गेलं नाही, हा फरक.

नोकऱ्यांचं बोलणं निघालं की आपल्याकडे लगेच शाळेकडे बोट दाखवतात. मुलांना काळाप्रमाणे शिकवा. काळाप्रमाणे म्हणजे काय, हे दर पिढीत नव्याने ठरतं आणि दर पिढीत ते चुकतं. माझ्या आजोबांचं वाणसामानाचं दुकान होतं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ, औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनाचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण अशा जगात त्याशिवाय दिवस जाणार नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-ग्रॅम आले, आणि शाळांतून हे पाढे ओसरत गेले. योग्यच झालं. पण आजोबा हे पाढे म्हणताना एक गोष्ट नकळत करत: चौदाची पाऊणकी साडेदहा म्हणताना ती दहापेक्षा थोडी वर, चौदापेक्षा बरीच खाली, हे त्यांच्या आवाजातच असे. पाढा गेला तेव्हा ती आकड्यांच्या आकारमानाची जाणही गेली, आणि तिच्यासाठी वेगळा तास कोणी ठेवला नाही.

मोडीचंही तसंच. छापखान्याला आणि टंकयंत्राला बालबोध सोयीची, म्हणून शाळांतून मोडी मागे पडली. ती परत कधी लागेल असं कोणाला वाटलं असेल? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांसाठी धावाधाव झाली. ज्यांना लोक हौशी म्हणून हसत होते त्यांच्या दारात तलाठी उभे. म्हणून सगळ्यांना मोडी शिकवा असं मी म्हणत नाही. पुढे काय लागणार ते ठरवणाऱ्यांच्या तोंडावरचा आत्मविश्वास बघितला की मला हे आठवतं, एवढंच.

शाळेत कॉम्प्युटर आला १९८४ साली, ‘क्लास’ नावाच्या सरकारी प्रकल्पातून. बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रं निवडक शाळांत बसली. मुलांनी बेसिकमध्ये दहा, वीस, तीस असे क्रमांक टाकून ओळी लिहिल्या. ती यंत्रं कपाटात गेली. मग २००१ पासून एमएस-सीआयटी आलं, सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि गल्लोगल्ली मुलंमुली बोल्ड कसं करायचं, फाइल सेव्ह कुठे करायची हे शिकली. खेड्यातल्या कितीतरी मुलींना त्या वर्गांनी घराबाहेर काढलं, हे त्याचं खरं श्रेय, आणि ते मोठं आहे. त्यात शिकवलेले मेन्यू मात्र पाच वर्षांत बदलले. २०१९ मध्ये सीबीएसईने नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. शाळा दर वेळी समोर उभं असलेलं यंत्र शिकवते. यंत्र पुढच्या स्टेशनात निघून जातं आणि आपण फलाटावर मागच्या गाडीचं वेळापत्रक पाठ करत बसतो.

माझा भाचा हिंजवडीला आहे. सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, म्हणजे माझ्या हिशेबी हेड क्लार्कच. परवा आला तेव्हा जरा उतरलेला दिसला. त्याच्या टीममध्ये आता प्रोग्रॅमही यंत्र लिहितं आणि तो तपासायच्या चाचण्याही यंत्रच लिहितं. ‘आत्या, तुझा ताळाही गेला,’ तो म्हणाला. ‘हजार टेस्ट, सगळ्या हिरव्या.’ मी विचारलं, प्रोग्रॅम आणि चाचणी एकाच समजुतीतून लिहिली असेल तर? एक तारीख आणि दहा तारीख यातला घोळ दोन्हीकडे सारखाच असेल तर? तो हसला. ‘तर सगळ्या हिरव्याच.’

मग गंमत म्हणून त्याने फोनवर यंत्रालाच विचारलं: अमुक अमुक शिलका, १९९० साल, सेव्हिंग्ज खातं, पाच टक्के, सहामाहीचं व्याज काढ. उत्तर झटक्यात आलं, पायऱ्यापायऱ्यांनी, सुरेख मराठीत, आमच्या कोणाही क्लार्कपेक्षा नीटनेटकं. आकडा मला जरा जास्त वाटला. वाटला एवढंच, कागद घेतला नव्हता. पायऱ्या वाचल्या तेव्हा कळलं, त्याने रोजच्या शिलकेवर व्याज धरलं होतं. तो नियम एप्रिल २०१० पासूनचा. आजच्या माणसाने विचारलं असतं तर अगदी बरोबर. भाच्याने दहा तारखेचा नियम सांगितल्यावर यंत्राने अदबीने माफी मागून नवं उत्तर दिलं. ते बरोबर होतं. भाचा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘पण मला हे कळलंच नसतं. मला वाटलं असतं, किती छान समजावलंय.’

बँकेतही पुढे असंच होत गेलं. कोअर बँकिंगमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, मेकर आणि चेकर. कागदावर उत्तम पद्धत. पण काउंटरवर रांग, समोर दोनशे नोंदी, प्रत्येक नोंद पडद्यावर सारखीच सुबक. चेकरचं बोट आपोआप एंटरवर जातं. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण उघडकीला आलं. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट या संदेशयंत्रणेवरून जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होतच नव्हती. दोन्ही प्रणाल्या एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं. दोन कागद शेजारी ठेवून बघायचं काम जुन्या बँकेतला कोणीही शिकाऊ क्लार्क करत असे. ते कोणाच्याच टेबलावर उरलं नव्हतं. लबाडी करणाऱ्यांनी ती केलीच, पण मोकळी जागा आधी तयार झाली होती.

तेव्हा शाळेने काय शिकवावं असं मला कोणी विचारलं, कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी, तर मी म्हणेन, सोडवलेली गणितं द्या. यंत्राने सोडवलेली, छान पायऱ्या मांडलेली. निबंध द्या यंत्राने लिहिलेला, इतिहासाचं उत्तर द्या. आणि विचारा: हे पटतं का? कशावरून? आकडा वाचायच्या आधी तुमचा अदमास काय होता? यात नियम कोणता धरलाय आणि तो तिथे लागू आहे का? उत्तर चुकलं तरी ताळा केला असेल तर गुण द्या. आणि यासाठी पाढे, हातची बेरीज, स्वतःच्या हाताने लिहिलेला परिच्छेद हे सगळं लागेलच. ते यंत्राला येतं म्हणून काढून टाकलं तर तपासणाऱ्याकडे मोजायला पट्टीच उरणार नाही. गुरुजींना सहा रुपये कमी दिसले कारण आयुष्यभर त्यांनी हातानेच हिशोब केला होता. नुसता ताळा शिकवता येत नाही. ही अडचण मोठी आहे, आणि जे लोक ‘आता पाठांतर नको, फक्त विचार शिकवा’ असं म्हणतात त्यांनी ती टाळलेली असते असं माझं मत आहे.

माझी धाकटी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. तिला मी हे ऐकवलं. ती म्हणाली, ‘वहिनी, बोलायला ठीक आहे. एकेकाचा ताळा वेगळा येणार, तपासणार कोण? शिवाय पोर्टलवर माहिती भरायची ती कोण भरणार?’ तिचं खरंच होतं. सरळ उत्तरांचा पेपर अर्ध्या तासात तपासून होतो. ‘का पटत नाही’ याची उत्तरं वाचायला संध्याकाळ जाते. तरी तिने एकदा करून बघितलं. फोनवरून सोडवून घेतलेली दहा गणितं फळ्यावर लिहिली, त्यांतली तीन मुद्दाम बिघडवली, आणि मुलांना सांगितलं, यांतली चुकीची शोधा.

निम्म्या वर्गाने दहाच्या दहा चूक ठरवली. बाई विचारतायत म्हणजे चूकच असणार, असा त्यांचा हिशोब. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी दहाच्या दहा बरोबर ठरवली, कारण ती मोबाइलने सोडवली होती. दोन-तीन पोरांनी वही काढून गणितं परत केली, त्यांतल्या एकीला दोन चुका सापडल्या आणि तिसरी तिने स्वतः नवीच शोधून काढली, जी चूक नव्हती. जाऊ संध्याकाळी हे सांगताना हसत होती आणि वैतागलीही होती. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा दहा गणितं लिहिली. या वेळी सगळी बरोबर होती आणि तिने ते सांगितलं नव्हतं. चुका किती हेच माहीत नसल्यामुळे मुलं एकमेकांच्या वह्या ओढून बघू लागली. मधली सुट्टी झाली तरी सहाव्या गणितावरून मागच्या बाकांत भांडण चालूच होतं, आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन विचारलं की बाई वर्गात आहेत की नाहीत.